वर्कशॉपचा एप्रन

ऑगस्टमध्ये सोहारला भिंतींनाही घाम येतो.
चष्मा घालून दाराबाहेर पाऊल टाकलं
की माणूस आधी आंधळा होतो, मग उकडतो.
असल्या हवेत मी एक एप्रन सांभाळतोय,
खाकी, कऱ्हाडच्या कॉलेजातला,
शेवटच्या सबमिशनला सगळ्यांनी
ज्यावर सह्या केल्या, तो.

बुटांच्या खोक्यांतून, गोळ्यांच्या बाटल्यांतून
सिलिकाच्या पुड्या गोळा करतो मी.
'खाऊ नये' असं चार भाषांत लिहिलेलं असतं त्यांवर.
मंदा म्हणते, लोक आखातात येऊन सोनं जमवतात.

सीबच्या जुन्या विमानतळावर, एक्याण्णव साली,
कस्टमच्या माणसानं तो झटकून उलगडला.
एश हाधा?
काय सांगणार होतो?
मग त्यानंच एकेका सहीवर बोट ठेवलं:
सदीक? सदीक? हा पण सदीक?
मी मान हलवत गेलो.
पापडांची पिशवी तपासायची त्याची राहूनच गेली.
अरबीतला पहिला शब्द मला असा मिळाला,
बेचाळीस वेळा.

बेचाळीसातल्या एकोणतीस लागतात आता.
मुजावरची ठसठशीत, त्यानं ऑइलपेंटनं केली होती.
खबालेची वाकडी, फाउंड्रीत उजवा हात भाजलेला, म्हणून डाव्यानं.
तारळेकरनं सही केलीच नाही,
मेसचं देणं लिहून ठेवलं: अकरा रुपये.
आणि खांद्यापाशी एक नुसता 'प्र'.

हा प्र कोण?
ग्रुपवर फोटो टाकला.
कुणी प्रल्हाद म्हणालं, कुणी प्रदीप,
एक जण म्हणाला, प्रभुणे सर असतील,
त्यावर दोन दिवस भांडण,
तिसऱ्या दिवशी कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं
आणि विषय मिटला.
ओळख पटत नाही म्हणून काय फिका होऊ द्यायचा?
त्याच्या वाटणीची पुडी मी खांद्यापाशीच ठेवतो.

एकदा मंदानं चादरींबरोबर तो लाँड्रीत दिला.
प्लांटवरून येऊन मी कपाट उघडलं
आणि तसाच, हेल्मेट काखेत धरून, पळत सुटलो.
मोईदूच्या दुकानात वाफच वाफ,
आणि काउंटरवर एप्रन. घडी घातलेला. कोरडा.
इसमे नाम है साब, तो म्हणाला,
नाम को पानी मे कैसा डालेगा?
त्याचे पैसे घेतले नाहीत त्यानं.
चादरींचे घेतले.

खिसा उलटा केला की आतल्या बाजूला
शैला येडगे.
आमच्या मेकॅनिकलला ती एकटी मुलगी.
सगळ्यांदेखत लिहायला लाजली असेल,
असं मी कैक वर्षं स्वतःची समजूत घालत आलो.
ड्रॉइंग शीटवर असतात तसल्या तिरप्या, रेखीव अक्षरांत
तिनं लिहिलंय:
माझा ड्राफ्टर परत कर.

ड्राफ्टर त्याच बॅगेत आहे.
दर हिवाळ्यात, शमाल सुटायच्या आधी,
त्याच्या स्क्रूंना शिलाई मशीनचं तेल देतो.
काटकोन अजून बिनचूक आहे.
दर सुट्टीला सामान तोलताना तोच बाहेर निघतो:
बदाम, हलवा, साबणाच्या वड्या,
मेहुण्याचा मोबाइल,
तीस किलो कधी भरतात कळत नाही.
मी ज्याला जपलेलं म्हणतो
त्यातलं निम्मं लांबवलेलं आहे.

परवा मुलगी आली मस्कतहून,
तिच्या युनिव्हर्सिटीला सुट्टी.
बाबा, पुढच्या जूनला तुमचा व्हिसा संपणार,
हे किती दिवस पुड्यांत ठेवणार?
टेबलावर पसरून तिनं वरून, बाजूनं, पाठीमागून
सगळा स्कॅन करून घेतला.
पडद्यावर खबालेची सही हातभर झाली.
प्र तर एवढा मोठा
की शाई कापडात कुठं मुरली तेही दिसलं.
आता काही जात नाही बघा, म्हणाली.

खिसा उलटायचा राहिला होता.
मी सांगितलं नाही.